पिठवणीची शेंग

अकोल्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या दीपमाला मॅडमपुढे कुठलंही रोप धरलं, की त्या नाव सांगून मोकळ्या व्हायच्या. मग शुगरनं डोळ्यांचा पडदा धरला. समोरच्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा दिसू लागला. कडेकडेचं तेवढं कळायचं. मॅडमनी जंगलात जाणं बंद केलं. पुढच्या वर्षी नोकरीही सोडायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

दिवाळीनंतर जेबाचा फोन आला. जुन्या शहरातली ही त्यांची विद्यार्थिनी मेळघाटातल्या सेमाडोहकडच्या औषधी वनस्पतींचा अभ्यास करत होती.

"मॅडम, शेंगवर्गातलं एक रोप सापडलं. मले सालवण वाटून राहिली, पण मन मानत नाही."

"फोटो पाठवू नको. मले आता काही दिसत नाही."

"फोटो कोण पाठवते? मी गाडी घेऊन येतो. तयार राहा."

"काहून जीव खातं माह्या?" मॅडम कातावल्या. पण रविवारी सकाळी बूट घालून त्याच आधी फाटकाशी उभ्या होत्या.

परतवाड्याच्या पुढे घाट लागला. काचेतून सागाचा नुसता हिरवा-तपकिरी चिखल सरकत होता. आपण कशाला आलो, असं त्यांना वाटत राहिलं. सेमाडोहला पोचल्यावर जेबानं हात धरून त्यांना ओढ्याकाठच्या उतारावर नेलं आणि खाली बसवलं.

"शेंडे कशानं तरी खाल्ले," जेबा म्हणाली. "खालची पानं आन् एकच तुरा उरला. फुलं गुलाबी-जांभळी होती, आता गळाली."

मॅडमनी पान बोटांत धरलं. रुंद, एकेरी, खालून लवदार. सालवणीचंही असंच असतं. त्यांचा हात थबकला. पूर्वी असल्या वेळी त्या भिंग काढत. मग त्यांनी तुरा चाचपला. दाट, केसाळ. त्यातून एक शेंग नखानं सोडवली आणि दोन बोटांत हळूच फिरवली.

"जेबा, सालवणीची शेंग कशी असते?"

"लांब, चपटी. कपड्याले चिकटते."

"ही चिकटून राहिली का? हात लाव. डोळे मीट आधी."

जेबानं डोळे मिटले. शेंगेची पेरं एकावर एक घडी घालून बसली होती, आणि प्रत्येक पेर गुळगुळीत होतं.

"घडी हाय मॅडम! पिठवण!"

"पिठवणच. खालची पानं सालवणीसारखी दिसतात, म्हणून तू फसली. वरची लांबट असतात, मधोमध पांढरा पट्टा. एखादं न खाल्लेलं रोप पाह्य बरं."

जेबा उतरणीवर धावली. थोड्या वेळानं खालून तिची हाक आली, "पट्टे हायेत! झकास पट्टे हायेत!"

मॅडम तिथंच गवतात बसून हसल्या. मग त्यांना आठवलं, आपल्या वर्गातल्या पोरी भिंगाखाली बघतात, हात मात्र कधी लावत नाहीत. आपणच लावू दिला नाही.

"जेबा," त्यांनी आवाज दिला, "वनखात्याची परवानगी हाय ना? दोन तुरे घे. आन् इथं सालवण कुठं असंल तर तिच्या शेंगाही घे. सोमवारी पोरींच्या हातात देतो मी."