शेवटच्या बांधीपासून

“चार रायल्या, केशोराव. आन उघडतीन तीनच,” असं म्हणून केवळरामने मोबाइल दुपट्ट्याने पुसला. गेल्या दहा दिवसांत त्याने तो इतका पुसला होता, की मागचं कंपनीचं नाव उडून गेलं होतं.

आम्ही तलावाच्या पाळीवर बसलो होतो, पाणी सोडायच्या दाराच्या लोखंडी चाकाशेजारी. आमच्या गावात नेटवर्क येतं ते तिथेच, आणि तेही बसलेल्या माणसाला. उभं राहिलं की जातं. दुपारचे तीन वाजले होते. सहाला फिल्मांचं दुकान कायमचं बंद होणार होतं.

झालं असं होतं, की गोंदियात लघुचित्रपटांची स्पर्धा निघाली. परीक्षक तीन: एक प्राध्यापक, एक नाटकातल्या बाई आणि एखादा शेतकरी असावा म्हणून आमचा केवळराम. तीस वर्षं तो गावचा पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी शेताशेताला वाटणारा माणूस. कोणत्या बांधीतला, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यातला, धान तहानला आहे, ते त्याला खाटेवर पडल्या पडल्या ऐकू येई. हे मी सांगतो म्हणून कोणी खरं मानत नाही. पण त्याच्या वाटणीवरून तीस वर्षांत एकही डोकं फुटलं नाही, हे गावात कोणालाही विचारा.

फिल्मा एकतीस. परीक्षकांनी घाईत चाळू नये म्हणून मोबाइलवर रोज तीनच उघडायच्या. दिवस दहा. म्हणजे एक राहणारच. आणि बक्षिसाला धरणार ती फक्त तिघांनीही पाहिलेली फिल्म. केवळरामने फोन लावून विचारलं, तर तिकडचा माणूस म्हणाला, काका, एखादी सोडून द्या, कोणती ते तुम्हीच ठरवा. एवढं बोलून तो माणूस मोकळा झाला, आणि तेव्हापासून केवळरामची झोप उडाली.

दुसरा कोणी असता तर एक नंबरपासून सुरू झाला असता. याने एकतीसपासून सुरुवात केली. वरच्या बांधीत पाणी आपोआप उतरतं, खालच्या बांधीला नेऊन द्यावं लागतं, हा त्याचा जन्माचा हिशेब. आणि पाणकराची स्वतःची बांधी सगळ्यात शेवटी. खालून वर येत त्याने नऊ दिवसांत सत्तावीस पाहिल्या. एकीत बारा मिनिटं नुसती म्हैस रवंथ करत होती. मी दोनदा झोपलो, शेवटी म्हशीचाही डोळा लागला, पण या गड्याची पापणी हलली नाही.

आता राहिल्या चार, तीन, दोन आणि एक. एक नंबर नीतूची. त्याच्या नातीची. तिने सगळ्यांच्या आधी नाव दिलं, तेव्हा आजा परीक्षक होईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. नीतूला सिनेमाचं शिकायला पुण्याला जायचं होतं. तिचा बाप भोजराज म्हणाला होता, बक्षीस आलं तर जा, नाहीतर नाव काढू नको. नात स्पर्धेत आहे, हेही केवळरामने त्या फोनवरच्या माणसाला सांगून पाहिलं. तो हसला. प्रत्येकाचं कोणी ना कोणी आहेच, काका, बघून टाका.

“चार नंबर सोड,” मी म्हणालो. ती तिरोड्याच्या एका लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याची होती. माझ्या पुतणीच्या लग्नात त्याने ड्रोन उडवला, तेव्हा निम्मी वरात धानात शिरली होती.

“न पाह्यता कसा सोडू? धान पाहूनच पानी तोडतो ना मी?”

पाहिली. वाईटच होती. तरी त्याने वहीत लिहिलं, ‘तलाव वरून भाकरीसारखा दिसतो.’ तीन नंबरही झाली. साडेचार वाजून गेले.

दोन नंबर होती चिचगडच्या कोण्या दुर्गेशची, मोहफुलं वेचणाऱ्या आईवर. प्रत्येक नावाशेजारी एक बारका फोटो असे. तिथे टोपली होती. एक नंबरपर्यंत केवळराम कधी वर सरकलाच नव्हता. आता सरकला. त्या फोटोत लोखंडी चाक होतं आणि चाकावर एक म्हातारा हात, अंगठ्याचं नख अर्धंच असलेला. केवळरामने मोबाइल जवळ धरला, मग लांब धरला. मग शेजारच्या चाकाकडे पाहिलं. त्याचं अर्धं नख त्याच चाकाने नेलं होतं.

 

तेवढ्यात पाळीवर नंदाबाई आली. त्याची बायको. अकरा वर्षांत तिने पाळीवर पाय ठेवला नव्हता. अकरा वर्षांपूर्वीच्या कोरड्या वर्षी केवळरामने शेवटचं पाणी पार टोकाच्या धुरपताबाईच्या बांधीला सोडलं आणि घरचा धान उभा वाळला. नंदाबाई चार महिने नवऱ्याशी बोलली नाही. जे सांगायचं ते म्हशीला सांगे, आणि म्हैस बिचारी त्याच्यापर्यंत पोचवे.

ती पाण्याकडे पाठ करून बसली.

“भोजराज गोंदियाहून पोरीले भेटून आला. नीतूनं पुसलं म्हने, आबानं पाह्यली का?”

केवळरामने तिला तो फोटो दाखवला. तिने हात ओळखला.

“मंग पाहा ना.”

“एकच उघडन. थो चिचगडचा पोरगा, त्याले अठी कोनी वयखत नाही. मी सोडली त त्याची गेली.”

“आन नीतूची सोडली त?”

“तिचीबी गेलीच.”

पाणी संथ होतं. पाच वाजून दहा मिनिटं झाली. मग केवळरामने अर्ध्या नखाच्या त्या अंगठ्याने दोन नंबर दाबला.

अठरा मिनिटांची फिल्म. तीनदा अडकली, पडद्यावर गोल गोल फिरत राहिली, आणि तिघांचाही श्वास तिच्याबरोबर अडकला. नंदाबाई हळूहळू वळत गेली. संपली तेव्हा तिचं तोंड तलावाकडे होतं.

“त्या मायच्या हाताले काय झालं व्हतं?” तिने विचारलं.

“झाडाखालचा पाला जाळतानी भाजला असन.”

केवळरामने वहीत काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही. सहाला एक नंबरचा फोटो करडा पडला, चाक, हात, सगळंच.

“भोजराजसंगं मी बोलतो,” तो म्हणाला. घरच्यासाठी त्याने आजवर कोणापुढे तोंड उघडलं नव्हतं.

“बोलसान. पयले पोरीले सांगा,” नंदाबाई म्हणाली आणि चाकाचा आधार घेऊन उठली.

त्याने नीतूचा नंबर लावला. मी म्हटलं, दे माझ्याकडे, मी सांगतो, नीट सजवून सांगतो.

“नाही. तू खोटं सांगशीन.”

नंदाबाई आणि मी पाळ उतरू लागलो. तो मोबाइल कानाला लावून बसूनच राहिला. उभं राहिलं की नेटवर्क जातं.