सोमवारचा कोप

सोमवारी सकाळी माताउली या बेटावरच्या गावात दवाखान्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पेशंट कमी, बघेच जास्त. कुणी डुक्कर बांधून आणलेलं, कुणी बारीक विणीच्या चटया. सगळं इओसेफो मांत्रिकासाठी. एवढी माणसं जमली होती, पण सगळी कुजबुजत होती. फेतूई आत शिरली तशी ती कुजबुजही थांबली आणि लोक जरा जास्तच बाजूला सरले.

फेतूई दवाखान्याची संगणक इंजिनिअर. प्रयोगशाळेची यंत्रणा जुनी, वॉर्डाची नवी, दोघींच्या भाषा वेगळ्या; म्हणून तिने मधे गेटवे बसवला होता, दुभाष्यासारखा. वॉर्डाने रक्ताचा रिपोर्ट मागितला की गेटवे प्रयोगशाळेला विचारून तो आणून देई. पण हल्ली दर सोमवारी सकाळी वॉर्डातल्या संगणकाचा पडदा पांढराच राही. मग इओसेफो येई, सगळ्यांना हातात हात धरून बसवी, लांबलचक प्रार्थना म्हणे आणि ती संपता संपता रिपोर्ट धडाधड येऊ लागत. शिवाय पितरांच्या कोपाचं कारण म्हणून तो कुणाकडे तरी बोट दाखवी. मागच्या सोमवारी त्याने सालोते म्हातारीकडे बोट दाखवलं आणि गावसभेने तिला गावाबाहेर काढलं. आज कुणाची पाळी होती हे सांगायला नको. फेतूईचे वडील कोपऱ्यात मान घालून बसले होते. घरी त्यांनी भांडीकुंडी आधीच बांधून ठेवली होती.

"दोन परक्या कुळांची यंत्रं!" इओसेफो डोळे फिरवत गरजला. "पितरांना न विचारता त्यांची सोयरीक लावली कुणी? पितर वायरीत शिरलेत. मला त्यांचं रडणं ऐकू येतंय!"

पितरांना रक्ताच्या रिपोर्टांचं एवढं वेड कधीपासून, असं फेतूईच्या अगदी ओठावर आलं. पण गावप्रमुख तोआलेआ समोर बसले होते आणि तिच्याकडे बघायचं टाळत होते.

"तोआलेआकाका, मला काढायचं तर काढा," ती म्हणाली. "पण आधी प्रार्थना होऊ द्या. फक्त आज प्रार्थना चालू असताना लेपेका सिस्टर रिपोर्ट मागायचं बटण दाबत राहतील."

"छे छे! हात बाजूला!" इओसेफो ताडकन उठला. "यंत्राला हात लागला की पितर बिथरतात."

"डुक्कर घेताना तुझे हात बरे चालतात रे!" लेपेका म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं.

तोआलेआ हसले नाहीत. "दाब," ते म्हणाले.

इओसेफोने प्रार्थना म्हटली. लेपेका बटण दाबत राहिली. पडदा पांढराच. त्याने पुन्हा म्हटली, आणखी मोठ्याने; मान घामाने निथळली, तरी पडदा पांढराच.

"बघा! या पोरीचं पाप किती जड आहे ते!" तो किंचाळला. मागची चारपाच माणसं उठून उभी राहिली. एकाच्या हातात कोयता होता. फेतूईचे वडील धडपडत तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

"आता उलटं करून बघा," फेतूई म्हणाली. "प्रार्थना नको. लेपेकाताई, हात मांडीवर. सगळे नुसते बसा."

"बसा," तोआलेआ म्हणाले, आणि लोक बसले. बाहेर डुक्कर तेवढं गुरगुरत होतं. आपलं चुकलं असेल तर बाबांना या वयात कुठे न्यायचं, एवढंच फेतूईच्या डोक्यात फिरत होतं. बराच वेळ गेला. इओसेफोने पुन्हा तोंड उघडलं आणि तेवढ्यात प्रिंटर खडखडला. पहिला रिपोर्ट आला, मग दुसरा, मग रांगच लागली.

फेतूईनेच सांगायला सुरुवात केली.

"राजधानीतल्या, आपियाच्या ऑफिसने दोन यंत्रणांच्या मधल्या लाइनवर एक नवा पहारेकरी बसवलाय, फायरवॉल. लाइनवर बराच वेळ कुणी बोललं नाही की तो गुपचूप ती तोडतो. रविवारी आपण सगळे चर्चमध्ये, प्रयोगशाळा बंद, मग रिपोर्ट कोण मागणार? लाइन मेलेली असते आणि गेटवेला त्याचा पत्ताच नसतो. सोमवारी तो त्याच लाइनवर विचारतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. थोडा वेळ वाट बघून त्याने स्वतःच नवी लाइन जोडायची, अशी सोय आहे. पण मधे कुणी बटण दाबलं की त्याचं वाट बघणं पुन्हा पहिल्यापासून. घाबरून आपण दाबतच राहायचो. प्रार्थनेला हात गुंतले की त्याला सवड मिळायची. या इओसेफोने ते हेरलं, म्हणून 'हात बाजूला'! आता रविवारीही अधूनमधून हाक मारत जा, असं मी गेटवेला सांगून ठेवते."

इओसेफो दाराकडे सरकला. लेपेका दारात आडवी उभी राहिली.

"देवाला माना, पितरांना माना," फेतूई म्हणाली, "पण कुणाला गावाबाहेर काढण्याआधी एवढं तरी बघा, की मांत्रिक गप्प बसला तर काय होतं."

तोआलेआंनी विचारलं, "मग सालोतेचं काय चुकलं होतं?"

"काहीच नाही, काका."

त्यांनी इओसेफोच्या ढिगातली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मऊ, म्हणून सगळ्यांत मोलाची चटई उचलली आणि समुद्राकडे चालू लागले. तिथे ताडपत्रीखाली सालोते राहत होती. तिच्या दारात, भर उन्हात, चटई डोक्यावरून ओढून ते खाली बसले. माफी मागायची ही तिथली जुनी रीत; आता म्हातारी बाहेर येऊन चटई उचलेपर्यंत त्यांना उठता येणार नव्हतं. ती उचलेलच, असं गावात कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.