चालत्या गाडीचं तेल

कोहमाऱ्याच्या फाट्यावर केवळरामचं गॅरेज तीस वर्षं जुनं. ट्रॅक्टर नुसता खोकला तरी त्याचं दुखणं सांगणारा हा माणूस; पण ऑटोमॅटिक गाडी दारात आली की त्याचं तोंड कडू व्हायचं. त्यात रीनाबाईंची ही जुनी, इवलीशी मोटार. रीनाबाई जंगलाकडच्या गावांत फिरणाऱ्या नर्स. डावा पाय लहानपणापासून अधू, क्लच दाबणं जमायचं नाही. ही गाडी गेली तर आपलं फिरणं संपलं, मग टेबलावरचं काम गळ्यात पडेल, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं.

गाडी गरम झाली की चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं काही रेटा घेत नसत. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्स गेला म्हणून हात वर केले होते. केवळरामनं इंजिन बंद ठेवून गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी काढली. तेल भरपूर. मग शहरवालाच खरा, असं म्हणत त्यानं बॉनेट आपटलं.

दोन वर्षांपासून बापाच्या बरोबरीनं हात काळे करणाऱ्या चेतनानं ते पुन्हा उघडलं.

"बाबा, दार बंद ठेवून बोडीचं पाणी कायले मोजता? पाट सुरू करून पाहावं, हे तुमीच शिकवलं ना?"

केवळराम जातीनं कोहळी, बोड्या म्हणजे छोटी तळी बांधणाऱ्यांच्या घरातला. आपलीच शिकवण पोरीनं आपल्यालाच ऐकवावी, म्हणजे काय! त्याला राग आला, पण गाडीची किल्ली त्यानं तिच्यापुढं टाकली.

चेतनानं गाडी फिरवून गरम केली, सपाटीवर लावली. ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या खाचांतून फिरवला, पार्किंगला आणला आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढली. तेल खालच्या खुणेलाही पोचत नव्हतं. इंजिन बंद झालं की वरचं तेल खाली उतरायचं आणि पट्टी साफ खोटं बोलायची. तेल लाल होतं, जळका वास नव्हता, म्हणजे गिअरबॉक्स शाबूत होता. झिरपणारी नळी तिनं गाडीखाली शिरून शोधली, बदलली आणि तेल थोडं थोडं मोजत भरलं.

रीनाबाई स्वतः गाडी चढावर नेऊन आल्या. उतरल्या तेव्हा डोळे भरले होते. केवळरामपुढं हात जोडून म्हणाल्या, भाऊ, तुमच्या हाताला यश आहे.

गिऱ्हाईकापुढं चूक कबूल करणं केवळरामच्या रक्तात नव्हतं. पण त्या दिवशी अभिमानानं त्याचा ऊर भरून आला होता. समोरच्या टपरीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "माह्या नाही, बाई. मी तं तुमची गाडी भंगारात काढून राहिलो होतो. चूक माह्या पोरीनं धरली. आता इथली मिस्त्री माही चेतना."