टपालकाकांच्या इंजिनची बरकत

इतरांची इंजिनं ऑईल खातात. टपालकाकांच्या होडीचं इंजिन ऑईल देत होतं.

दर शनिवारी ऑईल मोजायची दांडी बुडवून पाहिली की ऑईल आधीपेक्षा वर. काकांनी याला बरकत समजून तक्रारच केली नव्हती. जास्तीचं ऑईल बाटलीत काढून ते मेहुण्याला देत. मेहुण्याच्या घरातलं एकही दार आता कुरकुरत नाही, आणि त्यामुळे काकू माहेरी ताठ मानेने जातात, असं काकांचं म्हणणं.

तक्रार वेगळी होती. इंजिन भर पाण्यात ठसकायचं, काळा धूर ओकायचं आणि बंद पडायचं. काका पलीकडच्या काठावर टपाल नेतात. उद्या सकाळी आठला मोठे साहेब त्यांच्या होडीत बसून फेरी तपासणार होते. होडी बंद पडली तर फेरी दुसऱ्याला आणि काका ऑफिसात शिक्के मारायला.

"एकवीस वर्षं पाण्यावर काढली," काका म्हणाले. "खुर्चीवर मला चक्कर येते."

आमचं गॅरेज म्हणजे मामा, मी आणि एक पाटी. पाटीवर दोन रकाने. काम करताना ज्याची चूक झाली, त्याच्या रकान्यात ती लिहायची. माझा रकाना पाटीवर संपून खाली भिंतीवर उतरलाय. मामाचा अकरा वर्षं कोरा आहे, कारण खडू मामाच्या खिशात असतो.

होडीच्या मागून सोडवून आणलेलं इंजिन पाण्याच्या पिंपात लावून पंधरा मिनिटं चालवलं. मी इंजिनच्या डोक्यावरचं झाकण काढून तापमान मोजायची बंदूक रोखली. चौतीस अंश. साठच्या आसपास हवं होतं.

"बंदूक बिघडलीय," मामा म्हणाला.

मी ती मामाच्या कपाळावर रोखली. तेहतीस. काकांच्या कपाळावर छत्तीस. उद्याच्या काळजीने काका इंजिनपेक्षा जास्त तापले होते.

"थंड आहे तर चांगलंच की," मामा म्हणाला. "शांत स्वभावाचं इंजिन आहे. लोक तरसतात असल्या इंजिनला."

मी प्लग काढले. काजळीने काळेकुट्ट. मग ऑईलची दांडी काकांच्या नाकाशी धरली.

"पेट्रोलचा वास येतोय," काका म्हणाले.

"येणारच. इंजिन गारठलं की पेट्रोल धड जळत नाही. उरलेलं खाली उतरून ऑईलमध्ये जाऊन बसतं. तुमची बरकत ती हीच. मेहुण्यांना सांगा, दाराजवळ काडी ओढू नका."

काका मटकन स्टुलावर बसले. उद्याच्या फेरीसोबत आता सासरचीही काळजी लागली.

गारठण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. इंजिनात थर्मोस्टॅट नावाची पितळी झडप असते. इंजिन तापेपर्यंत ती गार पाणी अडवते, तापलं की वाट सोडते. ती उघडीच अडकली की गार पाणी मोकाट. मी पाना घेतला.

"तिथे काही नसतं," मामा घाईघाईने म्हणाला. "आधी हवामान तपासू."

मी चार बोल्ट काढले. तिथे खरंच काही नव्हतं. झडपेच्या जागी नुसतं भोक होतं. आम्ही तिघांनी त्यात डोकावून पाहिलं.

"वितळली असेल," मामा म्हणाला.

"चौतीस अंशाला?"

"हळूहळू."

काकांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला, त्यासोबत होडीची किल्ली बाहेर आली. किल्लीला दोरीने बांधलेलं एक पितळी, स्प्रिंग असलेलं चिमुकलं यंत्र झुलत होतं.

"काका, हे काय?"

"हे? मामांनीच दिलं की. तीन वर्षांपूर्वी इंजिन फार तापायचं. मामा म्हणाले, याचा तापटपणाच काढून टाकलाय, आठवण म्हणून जवळ ठेवा."

मी मामाकडे पाहिलं. मामा हवामान पाहत होता.

"अरे, तेव्हा पाण्याचा पंप झिजला होता," मी म्हणालो. "पुढच्याच महिन्यात मी तो बदलला."

"हो ना," मामा म्हणाला. "मग हे परत घालायचं राहिलं."

नवी झडप यायला चार दिवस. म्हणून किल्लीवरची सोडवली, घासली आणि चहाच्या पातेल्यात पाण्यात टांगून गॅसवर ठेवली. तीन वर्षं खिशात सुट्ट्या नाण्यांसोबत राहूनही तिची बुद्धी शाबूत होती. साठ अंशाला तोंड उघडलं, पाणी निवल्यावर मिटलं. नवं गॅस्केट, नवे प्लग, नवं ऑईल घालून पुन्हा पिंपात चालवलं. एकसष्ट.

मामा पातेलं विसळत पाठमोराच म्हणाला, "उद्या फेरी नीट झाली, तर लिहितो पाटीवर."

दुसऱ्या दिवशी दहाला काका आले. साहेबांना होडी लागली होती, इंजिन मात्र एकदाही ठसकलं नव्हतं. साहेबांनी काठावर आडवं पडूनच सही केली. फेरी काकांकडेच.

"फक्त किल्ली फार हलकी लागते हो," काका म्हणाले. "काहीतरी अडकवून द्या."

मामाचा हात सवयीने टेबलावरच्या दुसऱ्या एका उघड्या इंजिनकडे गेला. मी मध्ये घुसून बाटलीचं एक बूच बांधून दिलं. निदान पडली तर तरंगेल.

काका गेले. मामाने खडू काढला, अकरा वर्षांच्या कोऱ्या रकान्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि बारीक अक्षरात लिहिलं, "इंजिन गरजेपेक्षा जास्त बरं केलं."

खडू पुन्हा खिशात गेला.