गोलकीपरचा अर्ज

"पाच गोल खाल्ले हे धरून काय बसलात? बारा झाले नाहीत ते बघा," मी म्हणालो. कॅन्टीनमध्ये कुणीही हसलं नाही.

चिपळूणला पाच-शून्यने हरून आमची टीम नुकतीच ट्रकमधून अलोऱ्याला परतली होती. दोन टेबलं जोडून सगळे चहाची वाट बघत बसले होते. लवू वेल्डर, म्हणजे आमचा कप्तान, बूट काढून अंगठ्याचं काळं पडलेलं नख निरखत होता. लवूचं वय बेचाळीस. अकरातले सहा जण चाळिशीच्या पुढचे. चांगले धावणारे होते ते बदल्या होऊन गेले होते, कारण वीजप्रकल्पाचं काम संपत आलं होतं आणि आमची सरकारी वसाहत हळूहळू रिकामी होत होती. आमच्या चाळीतल्या आठ खोल्यांपैकी तीन खोल्यांना कुलुपं लागली होती. त्यातल्या एका खोलीत आमचा लेफ्ट आउट राहायचा.

"आप्पा, तुमी टीम कागदावर खेळवता," लवू म्हणाला. "मैदानात धावायला मानसा लागतात. मी सांगतंय, ठेकेदाराकडे तीन कोल्हापूरवाले हायत. शिल्डच्या सामन्यांपुरते उसने घेऊया."

"उसने घेऊन शिल्ड मिळेल. ते गेले की पुढच्या वर्षी पुन्हा आपण इथेच बसू, नख बघत."

"मग गावातली पोरा घ्या."

"घ्या ना. पण तयार व्हायला तीन वर्षं लागतील, आणि तीन वर्षांनी ही वसाहत असेल का?"

"मंग व्हॉलीबॉल सुरू करा," पंपावरचा शिवा कंटाळून म्हणाला. तो आमचा डावा बॅक. "सहा मानसात भागता. पडायला पन होत नाय."

यावर मात्र सगळे हसले. मला राग आला. गेली दोन वर्षं मी एकच गोष्ट सांगत होतो आणि कुणी कान देत नव्हतं. टीम नव्याने उभी करायची तर मागून पुढे करत यायचं. आधी गोलकीपर, मग बॅक, मग बाकीचं. आणि गोलकीपर आमच्याकडे होता. सव्वीस वर्षांचा, हात लांब, डोकं थंड. तो टेबलाच्या टोकाला सोललेल्या कोपरावर फुंकर घालत गप्प बसला होता. भिवा मांडवकर, खलाशी, म्हणजे प्रकल्पावरचा हरकाम्या मदतनीस, मूळचा मंडणगड तालुक्यातला. पाच गोल त्याच्यावर झाले होते, पण त्याने अडवलेले कुणी मोजले नव्हते. मी मोजले होते. सात.

"ह्याला धरून ठेवा," मी भिवाकडे बोट दाखवलं. "बाकीचं आपोआप होईल."

मी स्वतः उभ्या जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही, हे इथे सांगून टाकतो. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात कबड्डी होती. फुटबॉल मी पहिल्यांदा पाहिला तो अलोऱ्यात, कारकून म्हणून रुजू झालो त्या आठवड्यात. कोल्हापूरकडचे फिटर मुरमाच्या मैदानावर खेळत होते आणि मी भाजीची पिशवी तशीच हातात धरून अंधार पडेपर्यंत उभा राहिलो. तेव्हापासून एकही सामना चुकवलेला नाही. शहात्तर साली आम्ही शिल्ड जिंकलं, तेव्हाचा दुसरा गोल कोणत्या मिनिटाला झाला ते मी झोपेतही सांगेन. लग्नाची तारीख मात्र सावित्रीला विचारावी लागते. ऑफिसात मी आस्थापना शाखेत. कुणाची बदली, कुणाची रजा, कुणाची वेतनवाढ, सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. माणसं मला नमस्कार करतात तो माझ्यासाठी नाही, त्या टेबलासाठी, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

त्या संध्याकाळी भिवा माझ्याबरोबर चाळीपर्यंत चालत आला.

"आप्पा, माज्या अर्जाचा काय झाला?"

"वर गेलाय. साहेबांच्या टेबलावर."

"साहेबानं वाचलान काय?"

"वाचतील रे. सरकारी काम आहे."

"बरा," तो म्हणाला. "तुमच्या हातात हाय म्हंजे माला घोर नाय."

अर्ज वर गेलेला नव्हता. तो माझ्या टेबलाच्या डाव्या खणात, जुन्या हजेरीपटाखाली होता. चार ऑक्टोबर पंच्याऐंशीला भिवाने तो बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, न देता, ओळखीचा माणूस म्हणून, थेट माझ्या हातात दिला होता. त्यामुळे त्यावर आवक क्रमांक नव्हता, शिक्का नव्हता. ऑफिसच्या दृष्टीने तो कागद जन्मलाच नव्हता.

अर्जात विशेष काही नव्हतं. मंडणगडच्या उपविभागात खलाशाची एक जागा रिकामी होती आणि इच्छुकांची नावं एकतीस डिसेंबरपर्यंत मागवली होती. भिवाने लिहिलं होतं की आई गंगाबाई घरी एकटी आहे, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे, विहिरीवर जाताना दोनदा पडली आहे, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीने विचार करावा. अक्षर मोठं, गोल, चौथीतल्या मुलासारखं होतं.

मी तो तेव्हाच वर पाठवायला हवा होता. पण शिल्डचे सामने फेब्रुवारीत होते. मी असा हिशेब केला की जागा कुठे पळून जात नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत मुदतवाढ न मिळालेली मुदत मी पाहिली नव्हती. डिसेंबरचा मार्च होतो, मार्चचा जून होतो. फेब्रुवारीत शिल्ड झालं की दुसऱ्या दिवशी मीच टिपणी लिहीन, स्वतः साहेबांची सही आणीन, आणि भिवा पावसाळ्याआधी आईजवळ असेल. कुणाचंच नुकसान नाही. असं मला खरंच वाटत होतं. त्या दिवसांत मला शांत झोप लागत होती, आणि आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भिवा रजेचा अर्ज घेऊन आला. मंडणगडला डोळ्यांचं शिबिर होतं. मोतीबिंदू फुकट काढणार होते, पण पट्टी असेपर्यंत आठ दिवस जवळ माणूस हवं होतं.

"आय बोलते, तू येशील तवाच मी जाईन. दुसऱ्या कुनाचा हात धरून जायाची नाय."

त्या आठवड्यात पोफळीच्या टीमशी सराव सामना होता. शिल्डआधीचा शेवटचा.

"रजा कशाला घालवतोस?" मी म्हणालो. "बदली आज-उद्या होईलच. मग कायमचाच तिथे आहेस. शिबिरं काय, दरवर्षी होतात."

त्याने जरा विचार केला. मग रजेचा अर्ज घडी करून खिशात टाकला. "तुमी बोलताय तर मंग ऱ्हातो," म्हणाला. सामन्यात त्याने पेनल्टी अडवली. मी गोलच्या मागे उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो.

वीस जानेवारीला मंडणगडचं पत्र आलं. "सदर पद भरण्यात आले असून, यापुढे नावे पाठवू नयेत." मुदतीच्या आत चार नावं आली होती, एक घेतलं होतं. सगळं अगदी नियमाप्रमाणे. मी ते पत्र तीनदा वाचलं. कधी नव्हे ते कुणीतरी सरकारात वेळेवर काम केलं होतं.

घरी आलो तेव्हा सावित्री तांदूळ निवडत होती. "भिवाच्या बदलीचं काही कळलं का हो? परवा नळावर भेटला होता. आईचं सांगत होता. तुम्ही जरा लक्ष घाला."

"घालतोय," मी म्हणालो आणि हातपाय धुवायला गेलो. बराच वेळ धूत राहिलो.

भिवाला मी इतकंच सांगितलं की जागा भरली. त्याने मान हलवली. वरच्यांनी नाकारलं असंच त्याला वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं.

फेब्रुवारीत शिल्ड झालं. आमच्याच मैदानावर उपांत्य सामन्यात एक-शून्यने हरलो. गोल लवूच्या पायाला लागून गेला, भिवाचा काही दोष नव्हता. लवू मैदानातच खाली बसला आणि म्हणाला, "आप्पा, माज्याच्यान आता होत नाय." टीम कुठून उभी करायची यावर त्या संध्याकाळी कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. वीस दिवसांनी अतिरिक्त कर्मचाऱ्यांची यादी आली आणि ती टाइप करायचं काम माझ्याकडे. सेवाज्येष्ठतेने खालून सुरुवात. खलाशांमध्ये सगळ्यात कनिष्ठ भिवा. ठिकाण, भंडारा जिल्हा. मंडणगडची ती जागा मिळाली असती तर त्याचं नाव या यादीत आलंच नसतं. मी ते नाव टाइप केलं. बोट एकदा चुकलं, खोडून पुन्हा केलं.

एकतीस मार्चला दुपारी तो कार्यमुक्तीच्या आदेशावर सही करायला आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. शाखेत दुसरं कुणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते. सावित्रीने विचारलं नसतं तर मी बोललो असतो की नाही, देव जाणे. पण जानेवारीपासून तिचा तो प्रश्न माझी पाठ सोडत नव्हता. मी डावा खण उघडला, हजेरीपट बाजूला केला आणि तो अर्ज त्याच्यासमोर ठेवला.

त्याने आपलं अक्षर ओळखलं. कागद उलटून मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. आठ वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला शिक्का कुठे असतो ते सांगावं लागत नाही.

"हा हितंच व्हता?"

"हो."

"आक्टोबरपासून?"

"हो."

शेजारच्या शाखेत कुणाचा तरी टाइपरायटर एकदम सुरू होऊन थांबला. भिवाने खुर्ची ओढली नाही, तो उभाच राहिला.

"शिल्डसाटी काय?"

"शिल्डसाठी," मी म्हणालो. "भिवा, मला वाटलं होतं मुदत वाढेल. फेब्रुवारीनंतर लगेच पाठवणार होतो. शपथेवर सांगतो. माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली."

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो अर्जाकडे बघत राहिला, जसं लांबून मारलेल्या चेंडूकडे बघायचा तसा, घाई न करता.

"माला इचारायचा तरी व्हता, आप्पा," तो म्हणाला. "मंडनगडातून सकाळची येस्टी हाय. खेडला बदलायची, चिपळूनला बदलायची, दुपारपतूर मी अलोऱ्यात. दर सामन्याला आलो असतो. साल-दोन साल कवाबी आलो असतो. आयला सांगून आलो असतो."

उसने खेळाडू, गावातली मुलं, मागून पुढे, पुढून मागे, दोन वर्षं मी कॅन्टीनमध्ये बसून टीमसाठी काय काय सुचवलं होतं. पण ज्याच्याभोवती ती टीम उभी करायची त्याला एकदा विचारावं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"आईचे डोळे?" मी कसंबसं विचारलं.

"एक गेला," तो म्हणाला. "दुसऱ्यानं उजेड दिसतो. शेजारची गोदूबाई भाकरी देते. भंडाऱ्याला तिला कुठं नेऊ?"

त्याने माझ्यासमोरचं पेन उचललं आणि आदेशावर सही केली. तीच मोठी, गोल अक्षरं. मग अर्जाची घडी घालून ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात फिरवला.

मी टेबलामागून उठलो. पाया पडावं का, हात जोडावेत का, काहीच कळेना. बावन्न वर्षांच्या माणसाने सव्वीस वर्षांच्या पोरासमोर काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

"रविवारी शिवाला गोलात उभा करा. लवूला नको, त्याला वाकता येत नाय. शिवा डावीकडं कमी पडतो. त्याला सांगा, दोन पावला पुढं येऊन डाव्या अंगाला ऱ्हा. उजवीकडचा तो कसाबी काडतो."

"सांगतो," मी म्हणालो.

तो गेला. मी रजिस्टरमध्ये "मध्यान्होत्तर कार्यमुक्त" असं लिहिलं आणि तारीख घातली. जेवणाची सुट्टी संपून लोक परत आले तेव्हा मी डबा न उघडताच बसलो होतो.

रविवारी मैदानावर नऊ जणच आले. दोन जण आम्ही प्रेक्षकांतून घेतले. शिवाला मी भिवाने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. तो कुरकुरला, पण दोन पावलं पुढे येऊन डाव्या अंगाला उभा राहिला. आम्ही चार-शून्यने हरलो. चारही गोल समोरून झाले. डावीकडून एकही झाला नाही.