बिराप्पाच्या शिट्ट्या

जतकडच्या बिराप्पाला आपल्या शिट्टीचा भारी गर्व. दोन बोटं तोंडात घातली की ओढ्यापलीकडचं मेंढरूही मान वर करायचं. म्हणून लालासाहेबांनी त्याला इशाऱ्याच्या शिट्ट्या शिकायला बोलावलं, तेव्हा हा तर हातचा मळ, असंच त्याला वाटलं.

मलकापूरचे लालासाहेब पलटणीत तारायंत्रावर होते, पाय अधू होऊन घरी परतलेले. दिवाळी झाली की बिराप्पाचा कळप खतासाठी त्यांच्या रानात बसायचा. यंदा त्याचा धाकटा भाऊ आप्पासोही त्यांच्याच आसऱ्याला होता. चलेजावच्या धामधुमीत त्यानं तारा तोडल्या होत्या. दिवसभर तो वर डोंगरावर झुडपात दडून राही. शेजारच्या गावातून असंच एक पोर धरून नेलं होतं, आणि त्याचं पुढं काय झालं हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आप्पासोला खालून सावध करणारं माणूस हवं होतं.

"बिरा, पैल्यांदा बारक्या बारक्या शिट्ट्या बांध," लालासाहेब म्हणाले. "एका शिट्टीनं एकच काम करायचं. ती पक्की झाली की दुसरी. मग लागंल तशा जोडायच्या. अन् घरात सांगू नगंस. बायकूलाबी न्हाई."

बिराप्पा रोज मेंढरं बायकोकडं, धोंडुबाईकडं सोडून ओढ्याकाठी जाऊ लागला. 'पोलीस', 'वरनं', 'खालनं' अशा नव्या शिट्ट्या घडवताना त्याचे ओठ फुटले. 'लप' आणि 'ये' मात्र त्यानं नव्या केल्याच नाहीत. गारा पडू लागल्या की मेंढरांना डोंगरातल्या कपारीत घालायची शिट्टी त्याच्याकडं होतीच, परत बोलवायचीही होती. अर्थ तोच. तयार भाकरी असताना पीठ मळत कोण बसतं? आप्पासोही त्या शिट्ट्या लहानपणापासून ऐकत आलेला. लालासाहेबांनी एकेक ऐकली, जोडून ऐकली, मान डोलावली. तिथं मेंढरं नव्हती, हे काही या दोन शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही.

एका सकाळी फौजदार शिपाई घेऊन पाऊलवाटेनं चढताना दिसला. कळप उतारावर चरत होता, धोंडुबाई पलीकडच्या अंगाला होती. बिराप्पानं बोटं तोंडात घातली. पोलीस. खालनं. लप. वरचं झुडूप हललं आणि भाऊ कपारीत सरकला. बिराप्पाच्या जिवात जीव आला. तेवढ्यात साऱ्या कळपानं तोंडं फिरवली. म्हातारी मेंढी कपारीच्या वाटेला लागली आणि तिच्यामागं सगळी मेंढरं धुरळा उडवत आत शिरली. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता.

फौजदार शांतपणे जवळ आला. "काय रे, मेंढरं का पळाली?"

"लांडगा दिसला जणू, साहेब."

"असं? मग बोलव त्यांना बाहेर."

बोलवायची शिट्टी एकच होती, आणि ती ऐकून आप्पासो समजणार की पोलीस गेले. कपार खोल होती. मेंढरं आतच राहिली, तर त्यांच्यामागं तो कदाचित सापडलाही नसता. बिराप्पानं नुसतीच हवा फुंकली. "ओठ फुटल्याती साहेब, वाजत न्हाई."

फौजदारानं शिपायांना दगडांआड बसवलं आणि बिराप्पाच्या पाठीत छडी ओढली. मग आणखी एक. धोंडुबाई धावत आली. दीर विजापुराकडं गेलाय, एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला होता.

"आवं साहेब, मारू नगासा त्यास्नी. मी बोलवती."

"नगं..." बिराप्पा ओरडू लागला, तोच एका शिपायानं त्याचं तोंड दाबून त्याला दगडाआड ओढलं, फौजदारही आड झाला. नवरा नेहमीसारखा हट्टाला पेटलाय, असं तिला वाटलं. तिनं दोन बोटं तोंडात घातली. लग्नानंतर ही शिट्टी तिला बिराप्पानंच शिकवली होती, आणि ती त्याच्याहून स्वच्छ वाजवायची.

मेंढरं एकामागून एक बाहेर पडू लागली. सगळ्यात मागून, अडखळलेलं कोकरू काखेत घेऊन आप्पासो आला आणि वहिनीला बघून हसला.