पाच गाड्यांची जवारी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पायली आहे. पायली म्हणजे धान्य मोजायचं माप. अकोल्याला जठारपेठेतल्या एका घरात दाराशी मला ठेवलंय आणि सध्या माझ्यात दोन छत्र्या उभ्या आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परवा या घरात फोनवर एक कोडं आलं : २ + ३ × ५ = किती? घरातली मुलगी म्हणाली सतरा, तिचा काका म्हणाला पंचवीस, आणि ताटातली भाजी गार होईपर्यंत दोघं भांडत बसले. मी छत्र्या पोटात घेऊन गप्प ऐकत होते. याच सतरा-पंचवीसवरून एका बाईचं घर सुटायची वेळ आली होती, आणि त्या वेळी मी तिच्या हातात होते.

माझा जन्म हिवरखेडचा. सुताराने मेळघाटातल्या सागाचा ओंडका आतून पोखरून मला घडवलं, कमरेला लोखंडी कडं बसवलं. मग दुसऱ्या जुन्या पायलीतून माझ्यात जवारी ओतून पाहिली. जरा जास्त मावली, म्हणून काठ तासला. पुन्हा ओतली, पुन्हा तासला. मापाचं असंच असतं बघा. जास्त मावलं तरी ते खोटं, कमी मावलं तरी खोटं. अखेर सुतार म्हणाला, "आता हे कोनाच्या बापाचंबी आयकनार नाई," आणि मी भगवंतरावांच्या घरी आले.

भगवंतरावांची काळी जमीन होती, पाच गाड्या होत्या. त्या घरी माझा मान मोठा. मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार... माझ्या काठावरून हात फिरायचा, वरची जवारी खाली पडायची, आणि मी ताठ मानेने रिकामी व्हायचे.

मग ते कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली होती म्हणे. तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्यांनी आमच्या वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. जो तो कापूस पेरू लागला. जवारीची वावरंसुद्धा कापसाखाली गेली. घरात पांढरं सोनं, पण कणगीतली जवारी मात्र मोजून मापून खायची. त्यामुळे माझा मान आणखी वाढला, आणि मला हाताळणाऱ्या बाईची काळजीही.

ती बाई म्हणजे भगवंतरावांची धाकटी सून, तानुबाई. तिचं माहेर अमरावतीजवळ नांदगाव पेठेला. कडेवर जमुना, दात येत असलेली, दिसेल ते तोंडात घालणारी. तानुबाई मला भरायची तेव्हा तिचा एक डोळा जवारीवर आणि एक लेकीच्या तोंडाकडे असायचा. एखादा दाणा पोरीच्या घशात तर गेला नाही ना? तरीही तिचं माप कधी चुकलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

दरसाल पाचही गाड्या कापूस भरून एकदमच अमरावतीला निघत. वाटेत एक रात्र पडाव. तिथला राखणदार रात्रभर गाड्या राखायचा आणि येणाऱ्या तांड्याकडून दोन पायल्या जवारी घ्यायचा. तांड्यात गाड्या किती, हे तो पाहायचा नाही. शिवाय प्रत्येक गाडीमागे माणसांच्या भाकरीला आणि बैलांच्या भरड्याला मिळून तीन पायल्या. म्हणजे राखणदाराच्या दोन, अन् पाच त्रिक पंधरा. सतरा पायल्या. हा हिशेब घरात लहानथोरांना पाठ होता.

त्या साली व्यापाऱ्यांना दम नव्हता. गाडी भरली की हाकला, दुसरीची वाट पाहू नका! पहिली गाडी घेऊन जुना गाडीवान नत्थुजी निघाला, तेव्हा तो तानुबाईला म्हणाला, "सूनबाई, एकलाच चाललो. राखनदाराचं माह्याच गाडीत घाला."

तिने घातलं. दोन दिवसांनी दुसरी गाडी निघाली, तिलाही घातलं. अशा पाचही गेल्या.

भगवंतराव आणि तानुबाईचा नवरा शेवटच्या गाडीबरोबर गेले होते. इकडे सासूबाईंनी, म्हणजे गोदाबाईंनी, कणगी सारवायला रिकामी केली आणि उरलेली जवारी मोजली. पस्तीस पायल्या! थोरला दीर खुशालराव ओसरीवर बसला होता. हिशेबाचा त्याला भारी अभिमान. त्याने लगेच बोटं मोजली. "कनगीत साठ होत्या. सतरा गेल्या. त्रेचाळीस पायजेत. आठ कुठं गेल्या?"

गोदाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "काहून व तानू? अमरावतीवरून नांदगाव दूर नाई. गाडीत टाकून माहेराले धाडली का जवारी?"

"नाई हो आत्याबाई! जे गाडीत घालायचं तेच घातलं."

"मंग काय कनगीनं खाल्ली?" खुशालराव म्हणाला.

"मालक येऊ दे," गोदाबाई म्हणाल्या. "मंग जाय नांदगावले, अन् तिथंच राय. लेकरू इथं राहीन."

तानुबाईने जमुनाला घट्ट धरलं. पोर रडायला लागली. मी तिथेच पडले होते. मला सगळं ठाऊक होतं, कारण प्रत्येक दाणा माझ्यातूनच गेला होता. पण मापाला तोंड असतं, जीभ नसते.

पोरीला आणि मला घेऊन तानुबाई मागच्या अंगणात आली. तिने तोंडाने हिशेब करून पाहिला. दोन, अन् पाच त्रिक पंधरा. सतरा. पुन्हा केला. पुन्हा सतराच. आपणच तर कुठे सांडलं नाही ना?

मग तिने हिशेब म्हणायचा सोडला. पोरीला जमिनीवर बसवलं, मला तिच्यापुढे आडवं केलं, आणि एकेक गाडी कशी निघाली ते आठवत बसली. जमुनाने माझा काठ तोंडात घेतला आणि नुकते फुटलेले दोन दात त्यात रुतवले. तेवढ्यात तानुबाई उठली. पोरीच्या तोंडातून मला हळूच सोडवून, आम्हां दोघींना घेऊन ती ओसरीपुढे आली.

"आत्याबाई, भावजी, मी जसं देलं तसंच तुमच्यापुढं पुन्हा मोजतो."

तिने पाल, म्हणजे जाड कापड, अंथरलं, कणगीतून निघालेली जवारी त्यावर ओतली आणि पाच थैल्या ठेवल्या. पहिल्या थैलीत लाभ, दोन, तीन. "ह्या गाडीच्या." मग त्याच थैलीत आणखी दोन. "ह्या राखनदाराच्या." आणि थैलीचं तोंड बांधून टाकलं. दुसरी थैली. तीन, वर दोन, गाठ.

"थांब," खुशालराव म्हणाला. "राखनदाराच्या दोन तं देल्ल्या ना पयल्या थैलीत! पुन्हा काहून?"

तानुबाईने मान वर केली नाही, पण आवाज ठाम होता. "भावजी, तिसरी गाडी तुमीच हाकली होती. पडावावर राखनदाराले काय देलं?"

"दोन पायल्या. आपल्या घरच्या."

"अन् नत्थुजीनं?"

"त्यानं..." खुशालरावाने बोटांवर दिवस मोजले. मग हळूच म्हणाला, "तो तं चार दिवस आधी गेल्ता. त्यानंबी देल्ल्या असतीन."

"पाची गाड्या एकाच रातीले पडावावर असत्या तं दोनच लागल्या असत्या. पाच वेगवेगळ्या राती झाल्या, भावजी."

तिने उरलेल्या तिन्ही थैल्या भरल्या. प्रत्येकीत पाच. पाच पाचे पंचवीस. पालावर आता दहा पायल्या उरल्या होत्या. साठातून पंचवीस गेल्या की पस्तीस, आणि पस्तीसच तर कणगीत निघाल्या होत्या. एक दाणाही कुठे गेला नव्हता.

गोदाबाईंनी एकेका थैलीची गाठ हाताने चाचपली. मग खुशालरावावर उखडल्या, "सोताच्या हातानं देल्लं अन् सोतालेच मोजता नाई आलं? मोठा हिशेबी!" उठल्या, रडत असलेल्या जमुनाला उचलून सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि मला तिच्या शेजारी. "आजपासून माप तुह्या हाती. मले कोनी इचारलं तं मी तुह्याकडं बोट दाखवीन."

पुढे पुष्कळ वर्षं मी तानुबाईच्या हातात होते. नंतर सरकारी शिक्क्याची मापं आली, मग किलोचे काटे आले. माझं काम संपलं. मी माळ्यावर गेले, कधी माझ्यात खिळे ठेवले, कधी कांदे. आता छत्र्या.

तर मुलांनो, त्या कोड्यातली आपली मुलगी बरोबर होती. नुसतं २ + ३ × ५ लिहिलेलं असतं तेव्हा तीन आणि पाच गुणाकाराने आधीच बांधलेले असतात. दोन सुटे असतात, राखणदाराच्या एकाच रात्रीसारखे. म्हणून आधी गुणाकार, मग बेरीज, उत्तर सतरा. काकाला पंचवीस हवे असतील तर त्याने दोन आणि तीन एका थैलीत घालून कंसाची गाठ मारावी. गाठ दिसली की आधी तिच्या आतलं मोजायचं. एवढं ध्यानात ठेवाल तर कोडं चुकणार नाही. आणि हिशेब जुळला नाही, तर माणसाला चोर म्हणण्याआधी थैली एकदा उघडून बघा.

माझं म्हणाल तर छत्र्या खुशाल ठेवा, फक्त ओल्या ठेवू नका. साग असला तरी आता म्हातारा झालाय. आणि मला पुसाल तेव्हा काठावरून बोट फिरवून पाहा. एका जागी दोन बारीक खळगे लागतील. कुणी म्हणेल, ते तासून काठ गुळगुळीत करून घेऊ. तेवढं करू नका. ते जमुनाचे दात आहेत. तिची आई त्या दिवशी माहेरी गेली नाही, त्याची माझ्याजवळ तेवढीच एक खूण आहे.